हेक्टरी किती तांबे? काइटोसन-धातू नॅनो कणांच्या बुरशीनाशकांचा आढावा

1 टक्का बोर्डो मिश्रणाच्या 100 लिटरमध्ये 1 किलो मोरचूद असते आणि मोरचुदाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तांब्याचा असतो. म्हणजे 100 लिटरमागे सुमारे 255 ग्रॅम तांबे. हेक्टरला 1000 लिटर द्रावण लागले, तर एकाच फवारणीत अडीच किलोंहून अधिक तांबे बागेत पडते. युरोपीय संघाने 2019 पासून तांब्याच्या वापरावर घातलेली मर्यादा 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे वर्षाला सरासरी 4 किलो आहे. पूर्ण ताकदीच्या दोन बोर्डो फवारण्यांतच ही वार्षिक सरासरी ओलांडली जाते. वनस्पतींच्या बुरशीजन्य रोगांसाठी काइटोसनसारखी जैविक बहुवारिके आणि तांबे किंवा जस्त यांचे नॅनो कण वापरण्याविषयी गेल्या दीड दशकात जे संशोधन झाले, त्याचे मोल या हिशेबाशेजारी ठेवले की नीट कळते. या कणांची बुरशी मारण्याची ताकद मोठी असल्याचे शोधनिबंध वारंवार सांगतात. परंतु बुरशी मारणारे पदार्थ आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. तेवढेच रोगनियंत्रण कितीतरी कमी धातूत साधता येईल का, हा या विषयातला खरा प्रश्न आहे आणि पुढचा आढावा त्याच कसोटीवर घेतला आहे.

तांब्याचा वारसा

द्राक्षावरचा केवडा, म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचल्याची नोंद 1878 सालची आहे. 1882 मध्ये पिएर मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला मेदोक भागातील सँ-ज्युलिएँ येथे रस्त्याकडेच्या वेलींची पाने शाबूत दिसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडलेला होता. त्यातून 1885 मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे आले. पुढे आंतरप्रवाही बुरशीनाशकांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि रोगकारकांनी त्यांतल्या अनेकांना दाद देणे सोडले, तरी तांबे टिकून राहिले. कारण तांब्याचे आयन पेशीत एकाच जागी काम करीत नाहीत. ते प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना चिकटतात, पेशीपटल फाडतात आणि विध्वंसक ऑक्सिजन-मूलके तयार करतात. इतक्या आघाड्यांवर एकदम प्रतिकार उभा करणे बुरशीला जड जाते. जिवाणूंच्या बाबतीत मात्र हे खरे नाही. झॅन्थोमोनाससारख्या जिवाणूंमध्ये तांब्याला दाद न देणारे प्रकार बऱ्याच देशांत आढळले आहेत.

तांबे टिकाऊ आहे, हीच त्याची अडचणही आहे. सेंद्रिय रेणूंचे बुरशीनाशक कालांतराने विघटित होते, तांबे जमिनीतच राहते. युरोपीय संघाच्या मृदा-सर्वेक्षणावर आधारित, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्व जमिनींची तांब्याची सरासरी किलोमागे सुमारे 17 मिलिग्रॅम आढळली, तर द्राक्षबागांची सुमारे 49 मिलिग्रॅम. गांडुळे, मुळांवरच्या उपयुक्त बुरशी आणि जमिनीतील सूक्ष्मजीव यांना वाढते तांबे जाचक ठरते. ज्या बागेत ट्रायकोडर्मासारखी मित्रबुरशी जमिनीत सोडायची, तिथेच हंगामाला किलोंच्या हिशेबाने तांबे ओतायचे, हा विरोधाभास सेंद्रिय शेतीला विशेष टोचतो, कारण तिच्या हाती तांब्याखेरीज भरवशाची हत्यारे फार थोडी आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन रूपे दिसतात. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला की डाऊनीसाठी फवारण्यांचा धडाका सुरू होतो. तिथल्या जमिनी बहुतेक चुनखडीयुक्त आणि जास्त सामूच्या, त्यामुळे तांबे मातीत बऱ्यापैकी जखडून राहते. कोकणातल्या सुपारीच्या बागा आणि गोव्यातली कुळागरे यांची स्थिती निराळी. तिथे सुपारीची फळे सडवणाऱ्या कोळेरोगासाठी पावसाळ्याच्या तोंडावर 1 टक्का बोर्डो घोसांवर मारायचे आणि साधारण 40 ते 45 दिवसांनी पुन्हा मारायचे, अशी शिफारस पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जांभ्याची आम्लधर्मी जमीन तांब्याला सहज मोकळे करते, आणि मुसळधार पाऊस झाडावरचे तांबे खाली उतरवत राहतो. त्यामुळे थोडक्या तांब्यात काम भागावे आणि ते पावसात टिकावे, ही गरज कोकणाइतकी क्वचितच कुठे असेल.

काइटोसनच का

काइटिन 1811 मध्ये आंरी ब्राकोनो यांनी अळिंबीत शोधले. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांतील काइटिन तीव्र अल्कलीत तापवून त्यातले ॲसिटिल गट काढले की काइटोसन मिळते. या रेणूच्या साखळीवर अमिनो गट असतात. सामू साधारण साडेसहाच्या खाली गेला की त्यांच्यावर धन भार येतो आणि काइटोसन पाण्यात विरघळते. बुरशीच्या पेशीचा पृष्ठभाग बहुतांशी ऋण भारित असल्याने काइटोसन त्याला चिकटते. सी. आर. ॲलन आणि ली हॅडविगर यांनी 1979 मध्ये काइटोसनचा बुरशीरोधक परिणाम प्रसिद्ध केला, तेव्हाच एक मर्यादाही नोंदवली होती. ज्या बुरशींच्या पेशीभित्तिकेतच काइटोसन असते, त्यांच्यावर त्याचा प्रभाव पडत नाही.

काइटोसनचा दुसरा गुण वनस्पतीशी संबंधित आहे. बुरशीच्या भित्तिकेचे तुकडे ओळखणारे ग्राही वनस्पतीपेशींवर असतात. भातातील आणि ॲराबिडॉप्सिसमधील असे काइटिन-ग्राही 2006-07 च्या सुमारास ओळखले गेले. काइटोसन आणि त्याचे तुकडेही वनस्पतीची संरक्षणयंत्रणा जागी करतात आणि फेनिलअलानिन अमोनिया लायेझ, पेरॉक्सिडेझ यांसारख्या विकरांची पातळी वाढते. तिसरा गुण रसायनशास्त्राचा आहे. तेच अमिनो गट तांब्याच्या आयनांना घट्ट धरतात. सांडपाण्यातून जड धातू काढण्यासाठी काइटोसन वापरतात ते याच गुणामुळे. वाहक, संरक्षण जागवणारा आणि थोडाफार बुरशीरोधक अशा तिन्ही भूमिका एकाच स्वस्त, विघटनशील पदार्थात असल्यामुळे अल्जिनेट, सेल्युलोज किंवा लिग्निन यांच्यापेक्षा काइटोसनवर कितीतरी अधिक काम झाले. लिग्निनवरचे काम दुर्लक्षिण्याजोगे नाही. जर्मनीत माइन्झच्या माक्स प्लांक पॉलिमर संशोधन संस्थेत वेलीच्या खोडात टोचण्यासाठी लिग्निनचे सूक्ष्म वाहक बनवले गेले. पण त्यांत धातूऐवजी नेहमीची बुरशीनाशके भरलेली होती, म्हणून ती वाट या आढाव्याबाहेरची.

कण बनवण्याची सर्वांत प्रचलित पद्धत साधी आहे. विरल ॲसिटिक आम्लात काइटोसन विरघळवायचे, त्यात ट्रायपॉलिफॉस्फेट थेंबाथेंबाने सोडायचे आणि तांब्याचे क्षार मिसळायचे. विरुद्ध भारांच्या ओढीने जाळे तयार होते आणि तांबे त्यात अडकते. त्यासाठी महाग यंत्रे किंवा विषारी द्रावके लागत नाहीत. भारतातील कृषी विद्यापीठांत या विषयाने जोर धरला, त्यामागे हेही एक कारण असावे.

आतापर्यंत काय हाती आले

भारतातील सर्वांत सलग काम उदयपूरच्या महाराणा प्रताप कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात विनोद सहारण आणि सहकाऱ्यांनी केले. 2013 च्या त्यांच्या निबंधात द्रावणातील काइटोसन-तांबे कणांचा सरासरी आकार 196 नॅनोमीटरच्या आसपास होता. 2015 मध्ये टोमॅटोवरच्या दोन रोगकारकांवर प्रयोग झाले. 0.12 टक्के तीव्रतेला अल्टरनेरिया सोलानीची तंतुवाढ 70.5 टक्के आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमची 73.5 टक्के रोखली गेली. कुंडीतल्या झाडांवर लवकर येणाऱ्या करप्याचे नियंत्रण चांगले मिळाले, मर रोगाचे त्याहून कमी. 2017 मध्ये मक्यावरच्या कर्व्हुलेरिया पानठिपक्यांवर बीजप्रक्रिया आणि फवारणी करून पाहण्यात आली. रोग घटला, संरक्षक विकरे वाढली आणि शेतातल्या वाफ्यांत कणसाचे वजन व दाण्याचे उत्पादनही सुधारलेले दिसले. संसर्ग झालेल्या जागी आम्लता वाढते, त्यामुळे काइटोसन तांबे सोडते आणि धातू गरजेच्या ठिकाणीच मोकळा होतो, असे स्पष्टीकरण या गटाने मांडले.

अमेरिकेतील कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात वेड एल्मर आणि जेसन व्हाइट यांनी वेगळ्या बाजूने सुरुवात केली. त्यांच्या 2016 च्या कामात धातूंच्या ऑक्साइडांचे नॅनो कण रोगट जमिनीतल्या टोमॅटो आणि वांग्याच्या रोपांवर वापरले गेले. त्यांत तांब्याच्या ऑक्साइडाने झाडे अधिक जोमदार झाली. त्यांचा मुद्दा पोषणाचा आहे. पॉलिफिनॉल ऑक्सिडेझसारख्या संरक्षक विकरांना तांबे लागते, मर रोग लागलेल्या मुळांना ते जमिनीतून नीट उचलता येत नाही, म्हणून पानांवाटे दिलेले थोडे तांबे झाडाला स्वतःचे रक्षण करण्याचे बळ देते. ग्रीसमधील एका गटाने 2013 मध्ये टोमॅटोवरील फायटोप्थोरा इन्फेस्टन्सवर तांब्याचे निरनिराळे नॅनो कण वापरले आणि बाजारातल्या ताम्रयुक्त औषधांपेक्षा कमी मात्रेत चांगला परिणाम नोंदवला. त्यात बहुवारिक नव्हते, परंतु तुलना बाजारातल्या औषधाशी होती. या क्षेत्रात ती शिस्त अजून दुर्मीळ आहे.

यावरून तीन भूमिका तयार झाल्या आहेत. पहिलीनुसार हे सुधारित बुरशीनाशक आहे. कण लहान, पृष्ठभाग मोठा, आयन हळूहळू सुटतात आणि औषध पानावर टिकते. दुसरीच्या दृष्टीने बुरशी मारणे दुय्यम असून झाडाची प्रतिकारशक्ती आणि पोषण यांतून रोग आटोक्यात येतो. तिसरी भूमिका संशयाची आहे. तिचे म्हणणे असे की परिणाम सुट्या तांब्याच्या आयनांचा आणि सुट्या काइटोसनचाच आहे, नॅनो रूपाने त्यात काय भर पडली हे सिद्ध झालेले नाही. या तिन्हींना एकाच प्रयोगात समोरासमोर आणणे अवघड नाही. तेवढेच तांबे मोरचुदाच्या रूपात, तेवढेच काइटोसन सुटे, दोन्हींचे साधे मिश्रण, नॅनो कण, आणि प्रचलित कॉपर ऑक्सिक्लोराईड अशा पाच नोंदी एकत्र असल्या की पुष्कळसे कळेल. अनेक निबंधांत यांतल्या दोन-तीनच असतात. शिवाय तुलना पदार्थाच्या टक्केवारीवर केलेली असते, त्यातल्या तांब्याच्या वजनावर केलेली नसते.

हा फरक किती मोठा आहे ते साध्या गणितातून दिसते. 0.12 टक्के म्हणजे लिटरला 1.2 ग्रॅम कण. हेक्टरी 1000 लिटर धरले तर 1.2 किलो. त्यात तांब्याचा वाटा 10 टक्के धरला तर हेक्टरी 120 ग्रॅम तांबे पडेल, म्हणजे बोर्डोच्या जवळपास विसावा हिस्सा. लिटरला अडीच ग्रॅम मारलेल्या 50 टक्के कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या तुलनेतही ते दहाव्या हिश्श्याहून कमी होईल. असा परिणाम बागेत खरोखर मिळाला तर ती मोठी गोष्ट ठरेल. म्हणूनच कणांतील तांब्याचा वाटा मोजून सांगणे आणि बागेत तपासणे या दोन्ही गोष्टी संशोधकांनी पुढच्या टप्प्यावर ढकलू नयेत, असे माझे मत आहे.

प्रयोगशाळा आणि बाग यांतले अंतर

बहुतेक आकडे बटाटा-डेक्स्ट्रोज अगरच्या बशीतून येतात. या पद्धतीत औषध माध्यमात मिसळतात आणि बुरशी किती पसरली ते मोजतात. यात दोन खोटी आहेत. काइटोसन विरघळवण्यासाठी वापरलेले ॲसिटिक आम्ल स्वतःच बुरशी रोखते, म्हणून केवळ आम्ल असलेली बशी शेजारी नसेल तर आकडा फुगतो. दुसरी खोट अधिक मूलभूत आहे. द्राक्षावरच्या केवड्याचा कारक प्लास्मोपारा व्हिटिकोला जिवंत पानाशिवाय वाढतच नाही, त्यामुळे बशीत त्याची चाचणी होऊ शकत नाही. आणि तांब्याचा सर्वाधिक खप ज्या रोगांवर आहे, त्यांत हा अग्रभागी आहे. कोळेरोगाचा कारक फायटोप्थोरा बशीत वाढतो, पण तोही केवड्याच्या कारकाप्रमाणे ऊमायसीट गटातला. या गटाच्या भित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकान असतात, काइटिन नाममात्र. अल्टरनेरिया आणि फ्युजेरियम वाढवायला सोपे म्हणून संशोधन त्यांच्याभोवती गोळा झाले. तांबे कमी करण्याची निकड मात्र दुसरीकडे आहे. या क्षेत्रातली ही सर्वांत मोठी पोकळी मला वाटते.

बागेत आणखी अडचणी उभ्या राहतात. विहीर-बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड आणि साडेसातच्या वरच्या सामूचे असते. त्यात काइटोसनचा धन भार ओसरतो आणि कण गोळा होऊन खाली बसू शकतात. बागायतदार एका टाकीत दोन-तीन औषधे, विद्राव्य खत आणि स्टिकर एकत्र मिसळतो. फॉस्फेट, सल्फेट आणि ऋण भारित स्टिकर काइटोसनला साका करून बाहेर टाकतात. टाकीतले पाणी आधी आम्लधर्मी करावे, तर तांब्याचे आयन एकदम मोकळे होतात आणि कोवळ्या फुटीवर चट्टे पडण्याची भीती राहते. याशिवाय काइटोसन हा ठरावीक रेणू नव्हे. त्याची लांबी आणि ॲसिटिल गट किती निघाले याचे प्रमाण कवच, हंगाम आणि कारखान्यागणिक बदलते. एका निबंधातील परिणाम दुसऱ्या पोत्यातल्या मालाने मिळेलच असे नाही.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप माझ्या कसोटीवरच आहे. वजनाने तांबे कमी झाले तरी नॅनो रूपातले तांबे सजीवांना अधिक उपलब्ध असू शकते, मग ग्रॅम मोजून काय साधणार? आक्षेप योग्य आहे. त्यामुळे हेक्टरी ग्रॅम ही पहिली पायरी मानून गांडुळे, मधमाश्या, पाण्यातले कवचधारी जीव आणि मुळांवरची बुरशी यांच्यावरचा परिणाम त्याच मात्रेत पाहिला पाहिजे. तरीही धातूचा साठा कशाने वाढतो, हा हिशेब वजनाचाच राहतो. मातीत पोहोचलेले कण काही काळाने आपले नॅनो रूप गमावून साध्या तांब्याच्या साठ्यात मिसळू लागतात आणि तो साठा पुढच्या पिढीच्या वाट्याला येतो. काइटोसन सूक्ष्मजीव खाऊन टाकतात. त्याच्या विघटनशीलतेचे श्रेय धातूला मात्र देता येत नाही. चांदीच्या कणांबाबत हे अधिक कडकपणे म्हणावे लागते. चांदी वनस्पतीचे पोषणद्रव्य नाही, ती पाण्यातल्या जीवांना फार विषारी आहे. प्रयोगशाळेत तिचे आकडे उत्तम दिसले तरी शेतासाठी तिचा आधार मला दुबळा वाटतो. जस्ताची बाजू त्यामानाने भक्कम आहे. महाराष्ट्रातील अनेक जमिनींत जस्ताची कमतरता आहे, आणि उदयपूरच्या गटाने काइटोसन-जस्त कणांवरही काम केले आहे.

दुसरा आक्षेप असा की 200 नॅनोमीटरच्या कणांना नॅनो म्हणावे का? युरोपीय व्याख्येची मर्यादा 1 ते 100 नॅनोमीटर आहे, आणि द्रावणात फुगलेले काइटोसनचे कण बऱ्याचदा तिच्याबाहेर जातात. रोगनियंत्रणाला याने फरक पडत नाही, परंतु कोणत्या नियमांखाली तपासणी व्हायची हे त्यावरून ठरते.

तिसरा आक्षेप विश्वासाचा आहे आणि तो नॅनो युरियाच्या अनुभवातून आला आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली त्याला मान्यता मिळाली. पुढे कोपनहेगन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्यामागच्या वैज्ञानिक दाव्यांवर प्रश्न उभे केले, आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातील दोन वर्षांच्या शेतावरील प्रयोगांत शिफारशीत युरियाच्या तुलनेत भात आणि गव्हाचे उत्पादन घटलेले आढळले. उत्पादक संस्थेचा दावा याच्या उलट आहे. तो वाद इथे सोडवायचा नाही. मात्र त्यातले जीवशास्त्र निराळे आहे हे लक्षात घ्यावे. नत्र पिकाला किलोंनी लागते, ते पानांवाटे ग्रॅमांत भागवता येत नाही. तांब्याचे तसे नाही. स्पर्शजन्य बुरशीनाशकाचे काम पानाच्या पृष्ठभागावर होते, आणि बोर्डोतले बहुतांश तांबे रोगकारकाला न भेटताच जमिनीवर पडते. मात्रा घटवायला इथे खरी जागा आहे.

नोंदणी आणि खर्च

2020 मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो कृषी निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बुरशीनाशक म्हणून विकायचे तर 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे विषबाधा, उर्वरित अंश आणि परिणामकारकता यांची माहिती द्यावी लागते. खत किंवा जैव-उत्तेजक म्हणून विकायचे तर वाट खत नियंत्रण आदेशातून जाते. नॅनो तांबे आणि नॅनो जस्त यांना 2024 मध्ये खत म्हणून मान्यता मिळाली आहे. ज्या पदार्थाचा प्रभाव निम्मा बुरशीवर आणि निम्मा झाडावर आहे, त्याला दोन्ही दारे उघडी असतात. खताच्या पिशवीवर रोगनियंत्रणाचा दावा छापता येत नाही, पण दुकानात तो तोंडी होतो. द्राक्षाच्या निर्यातदाराला यात धोका आहे. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपच्या बाजारात अडकली, ते द्राक्षपट्टा विसरलेला नाही. युरोपात काइटोसन हायड्रोक्लोराईडला 2014 पासून मूलभूत पदार्थ म्हणून पीकसंरक्षणात परवानगी आहे. धातूसह बनवलेल्या कणांना ती आपोआप लागू होत नाही.

खर्चाविषयी ठोस बोलण्याइतके उत्पादन अजून झालेले नाही. कच्चा माल भरपूर आहे. कोळंबी प्रक्रियेतून कवचांचे ढीग निघतात, आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काइटोसन निर्मितीचे तंत्र विकसित केलेले आहे. मात्र कवचांवर आम्लाची आणि तीव्र अल्कलीची प्रक्रिया करताना निघणारे सांडपाणी हा पर्यावरणाच्या खात्यावरचा खर्च आहे. तांबे वाचवल्याचा हिशेब मांडताना तोही त्यात धरावा लागेल.

यापुढची सर्वांत उपयुक्त चाचणी कोळेरोगावर होऊ शकेल. कोकण किंवा गोव्यातील सुपारीच्या बागा, दोन-तीन पावसाळे, बोर्डो, कॉपर ऑक्सिक्लोराईड, सुटे काइटोसन आणि काइटोसन-तांबे कण. प्रत्येकात झाडामागे पडलेले तांबे मोजलेले, गळलेल्या फळांची मोजदाद ठेवलेली, पावसानंतर घोसावर उरलेल्या तांब्याचे नमुने घेतलेले आणि बुंध्याखालच्या मातीचे विश्लेषण पहिल्या व शेवटच्या हंगामात केलेले. बोर्डोला पावसाळ्यात दुसरी फवारणी लागते आणि निसरड्या पोफळीवर माणसाला पुन्हा चढावे लागते. कणांचा थर एका फवारणीत हंगाम काढतो की त्यालाही दुसरी लागते, हे या चाचणीतून कळेल. मजुरी, माणसाची सुरक्षितता आणि जमिनीत साठणारे तांबे या तिन्हींचा निकाल त्या एका नोंदीवर अवलंबून आहे.